गिझरचा व्हॉल्व्ह टपकतो म्हणून

थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा आणि फोनचा विषय बदलतो. परीक्षा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेशनकार्ड हे सगळे मागे पडते आणि गिझर पुढे येतो. या महिन्यात तीन भगिनींनी जवळपास एकच प्रश्न विचारला आहे. गिझरच्या खाली, थंड पाणी आत जाते त्या नळीवर, एक छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो. गिझर चालू केला की त्यातून थेंब थेंब पाणी गळते. भिंतीवर ओघळ उठले आहेत, रंगाचे पापुद्रे निघाले आहेत. प्लंबर म्हणतो, "ताई, डमी मारून टाकतो, कटकट मिटेल." मारू द्यावी का?

मुळीच नाही. प्लंबर कितीही ओळखीचा असला, दहा वर्षे घरात येत असला, तरी नाही. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढे वाचून अंक बाजूला ठेवला तरी चालेल. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी कारण सांगतो.

आठवी-नववीच्या वर्गात आम्ही एक प्रयोग करून दाखवतो. काचेच्या चंबूत रंगीत पाणी काठोकाठ भरायचे, बुचातून एक बारीक काचेची नळी खोवायची आणि खाली स्पिरिटचा दिवा लावायचा. नळीतले पाणी आधी किंचित खाली उतरते. मुले ओरडतात, "सर, कमी झाले!" काच आधी तापते, चंबू जरासा मोठा होतो, म्हणून ही गंमत. मग पाणी तापू लागते आणि नळीत हळूहळू वर चढत जाते. मराठीच्या पुस्तकात याला प्रसरण म्हणतात, उर्दूच्या पुस्तकात फैलाव. आम्हाला विचाराल तर फैलाव हा शब्द जास्त बोलका आहे. पाणी हातपाय पसरते.

हे पसरणे किती? हिवाळ्यातल्या पहाटे 15 अंशांवर असलेले पाणी 60 अंशांपर्यंत तापवले तर ते साधारण दीड टक्क्याहून थोडे अधिक वाढते. 25 लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ सुमारे 400 मिलिलिटर भरते, म्हणजे चहाचे तीन कप. ऐकायला किरकोळ वाटते. पण पाणी दाबले जात नाही, ही त्याची सगळ्यात हट्टी खोड. हवा दाबता येते, कापूस दाबता येतो. पाणी मात्र एक टक्का आकसायला लावायचे तर 200 बारहून अधिक दाब हवा. घरगुती गिझरची टाकी साधारण 8 बारपर्यंतच्या दाबाला करतात. बार म्हणजे किती, तर दहा मीटर उंचीवरची टाकी आपल्या नळाला साधारण एक बार दाब देते. तेव्हा या तीन कप पाण्याला जायला जागा मिळाली नाही, तर ते जागा करून घेईल. नळीच्या जोडातून, मिक्सरच्या नळातून, नाहीतर टाकीचा सांधा फोडून.

जुन्या घरांत ही अडचण कधी जाणवली नाही. दादीच्या घरी बंबच होता, तो वर उघडा. पुढे गिझर आले तरी गच्चीवर टाकी, टाकीतून सरळ नळी गिझरमध्ये, मध्ये काही नाही. पाणी वाढले की ते त्याच नळीतून मागे सरकायचे आणि वरच्या टाकीत दोन-चार थेंबांची भर पडायची. कोणाला पत्ताही लागत नसे.

आता गिझरच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह बसवतात त्यात दोन कामे एकत्र असतात. पहिले, आत गेलेले पाणी मागे येऊ न देणे. वरची टाकी रिकामी झाली तर गिझरही रिकामा होऊन कॉइल जळू नये, आणि गरम पाणी थंड नळात उतरू नये, म्हणून ही सोय आहे. पण या सोयीने मागचा दरवाजा बंद झाला. म्हणून दुसरे काम त्याच व्हॉल्व्हला दिलेले असते: आतला दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तोंड किंचित उघडायचे, थोडे पाणी बाहेर सोडायचे, पुन्हा मिटायचे. गिझर तापताना जे टपकते ते हेच. तो बिघाड नाही, तो त्याचा पगार घेऊन नोकरी करतो आहे!

कुकरच्या शिटीखाली बोट दाबून कोणी उभे राहत नाही. गिझरच्या व्हॉल्व्हला डमी मारणे म्हणजे तेच, फक्त बोटाऐवजी लोखंड.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत दोन वर्षांपूर्वी जे घडले ते कमिटीच्या परवानगीने लिहितो, नाव न देता. वुजूखान्यात 50 लिटरचा गिझर आहे. फजरला येणाऱ्या बुजुर्गांची मोठीच सोय. त्याचा व्हॉल्व्ह टपकायचा. पाणी वाया जाते, ही तक्रार एका जुम्याला निघाली. तक्रार चुकीची नव्हती. वुजूच्या पाण्यातही फुजूलखर्ची नको हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणीतरी सेवाभावाने डमी मारून दिली. त्याआधी असेच सेवाभावाने आणखी एक काम झाले होते. गिझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय एक कट-आउट असतो. पाणी बेसुमार तापले की तो वीज तोडतो. तो वरचेवर पडतो म्हणून वायरमनने त्याची वायर थेट जोडून टाकली होती. तो वरचेवर का पडतो, हे कोणी विचारले नाही. थर्मोस्टॅट चिकटत होता म्हणून पडत होता.

म्हणजे तीन पहारेकरी होते. पहिला झोपला होता, उरलेल्या दोघांना आपणच घरी पाठवले.

एका पहाटे बांगीसाहेबांनी नळ फिरवला तर पाण्याऐवजी फुत्कार आला, वाफ आणि उकळते शिंतोडे. ते मागे सरकले, नळ तसाच सोडला आणि बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. त्यांच्या हातून जे झाले ते अगदी बरोबर झाले. अल्हम्दुलिल्लाह, कोणाला इजा झाली नाही. त्या दिवशी सर्वांनी थंड पाण्याने वुजू केले.

ती वाफ कुठून आली हे समजले तर डमीची खरी भीती समजते. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळते. दाबाखाली ते उशिरा उकळते, म्हणून तर कुकरमध्ये 120 अंशांपर्यंत जाऊन डाळ लवकर शिजते. 8 बार दाबाखाली पाणी 175 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ते टाकीत निमूट बसलेले असते. टाकी फुटली की दाब एका क्षणात संपतो आणि त्यातला बराच भाग जागच्या जागी वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. न्हाणीघर केवढे असते हे ज्याने त्याने आठवून पाहावे. गिझर छत फोडून गेला अशा बातम्या येतात, त्यात विजेचा दोष निम्मा असतो, उरलेला या बंद केलेल्या तोंडाचा.

असे कधी तुमच्या घरी झाले, नळातून वाफ आली किंवा गिझर आतून खदखदू लागला, तर स्विच न्हाणीघरातला नव्हे, बाहेरच्या बोर्डावरचा पाडा. मुलांना लांब न्या. व्हॉल्व्हला हात लावू नका, डमी तर मुळीच सोडवू नका, अंगावर थंड पाणी ओतून त्याला निववू नका. काही तास तसेच राहू द्या. गार झाल्यावर माणूस बोलवा.

आता गळतीकडे. प्रत्येक थेंब निरोगी असतोच असे नाही, आणि ते घरच्या घरी ओळखता येते. गिझर तापत असतानाच टपकते आणि बंद केल्यावर थांबते, तर ते प्रसरण. काळजी नको. पण गिझर रात्रभर बंद आहे आणि तरीही टपकते, तर दोन शक्यता. एक म्हणजे व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार किंवा रेतीचा कण अडकला आहे. बोअरचे खारे पाणी असेल तर हेच जास्त वेळा निघते. कढईच्या बुडाला जसा पांढरा थर बसतो तसाच आत बसतो. दुसरी म्हणजे इमारतीचा पंप इतका जोरदार आहे की थंड पाण्याचा दाबच व्हॉल्व्हच्या मर्यादेला भिडतो. त्यावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मुख्य नळीवर बसवावा लागतो. डमी हे उत्तर दोन्हींचे नाही.

आणि जो व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे एकदाही टपकला नाही, त्याचे कौतुक करण्याआधी जरा थांबा. कदाचित वाढलेले पाणी एखाद्या जुन्या नळातून झिरपून जात असेल. कदाचित तो क्षाराने घट्ट बसला असेल. बऱ्याच व्हॉल्व्हना बाजूला छोटी दांडी असते. गिझर बंद करून, पाणी गार झाल्यावर, ती उचलून पाहायची. पाणी भळकन यायला हवे आणि दांडी सोडल्यावर थांबायला हवे. आले नाही तर व्हॉल्व्ह बदलायचा. नवा घेताना गिझरच्या पाटीवर लिहिलेला दाब आणि व्हॉल्व्हवर कोरलेला आकडा जुळवून घ्यायचा. व्हॉल्व्हचा आकडा जास्त नको. दुकानदार "सगळे सारखेच असतात" म्हणेल. तो रोज तेच म्हणतो.

भिंत खराब होते हे दुखणे मात्र खरे आहे आणि त्याचा इलाज दहा मिनिटांचा आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी जोडायची, ती उताराने मोरीपर्यंत आणायची आणि तिचे टोक उघडे ठेवायचे. टोकाला नळ नको, गाठ नको. मशिदीत आता ही नळी एका बादलीत सोडली आहे आणि त्या पाण्याने फरशी पुसतात. किती जमते हे सदरसाहेबांनी स्वतः पाहिले. दिवसभरात एक बधनाही भरत नाही.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या इमारतींत किंवा बंगल्यांत राहणाऱ्या वाचकांनी आपल्या प्रेशर पंपाजवळ एक गोल टाकी पाहिली असेल. फुटबॉलएवढी किंवा घागरीएवढी, बहुधा लाल किंवा निळी. पाण्याच्या फैलावावरचे जास्त रीतसर उत्तर तिच्यात आहे. बाहेरून पत्रा, आत रबरी फुगा. फुग्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरून ठेवलेली हवा. पाणी दाबले जात नाही पण हवा दाबली जाते, म्हणून वाढीव पाणी आले की हवा आकसून त्याला जागा देते. पाणी निवले की हवा त्याला परत ढकलते. एक थेंब वाया नाही. पंपाजवळची टाकी पंपाला दर क्षणी चालू-बंद होण्यापासून वाचवते. गरम पाण्याच्या नळीवर हीच टाकी बसवली की तिला प्रसरण टाकी किंवा एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात.

पंपाची टाकी आहे म्हणजे गिझरचेही काम झाले असे मात्र नाही. गिझरच्या तोंडाशी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे गरम पाणी पंपाच्या टाकीपर्यंत पोहोचतच नाही. वेगळी टाकी हवी असेल तर ती त्या व्हॉल्व्हच्या आणि गिझरच्या मध्ये, थंड नळीवर बसवावी लागते. मध्ये बंद करायचा कॉक नको. थंड नळीवर अशासाठी की रबर फार तापू नये. आणि ती हवी का? 15 किंवा 25 लिटरच्या गिझरसाठी आमच्या मते खर्च करू नये. टपकणारा व्हॉल्व्ह आणि एक नळी पुरे. पण बंगल्यात 200 लिटरची दाबाची टाकी असेल, तर 25 वरून 75 अंशांवर जाताना तिच्यातून साडेचार लिटर पाणी बाहेर पडू पाहते. तिथे प्रसरण टाकी हवीच. व्हॉल्व्ह तरीही राहतो. तो कशानेही हटवायचा नाही.

या टाकीची निगा कोणी घेत नाही. वॉशिंग मशीन पुसतात, हिला विसरतात. रबर शाबूत असले तरी त्यातून हवा हळूहळू झिरपते आणि वर्षा-दोन वर्षांत टाकी नुसत्या पाण्याने भरते. मग ती असून नसल्यासारखी. ओळखायचे कसे? नळ थोडासा सोडला तरी पंप सारखा चालू-बंद होतो. किंवा इतकी वर्षे गप्प असलेला गिझरचा व्हॉल्व्ह अचानक टपकू लागतो.

तपासणीला सायकलचा पंप आणि टायरची हवा मोजणारे मीटर लागते, बस्स. टाकीच्या डोक्यावर किंवा बुडाशी प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्याखाली सायकलच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह. आधी पंप आणि गिझर बंद करा, पाणी गार होऊ द्या, येणारे पाणी बंद करा आणि त्या नळीवरचा नळ उघडून ठेवा. पाण्याचा दाब पूर्ण जाऊ द्यायचा. यातच सगळे चुकतात. पाण्याचा दाब असताना मीटर लावले तर ते पाण्याचाच दाब दाखवते. माणूस समाधानाने टोपी लावून निघून जातो. दाब गेल्यावर आतली पिन क्षणभर दाबा. हवा आली तर फुगा शाबूत आहे. पाणी आले तर फुगा फाटला. मग हवा भरून उपयोग नाही, फुगा किंवा टाकी बदलायची. काही टाक्यांचा फुगा बुडाचे नट काढून बदलता येतो.

हवा किती भरायची? पंपाच्या टाकीत पंप ज्या दाबाला चालू होतो त्याहून थोडी कमी. पंप 1.5 बारला चालू होत असेल तर 1.3 बार, म्हणजे मीटरवर 19 पीएसआयच्या आसपास. स्कूटरच्या चाकाहूनही कमी. गिझरच्या टाकीत, नळाला थंड पाण्याचा जितका दाब येतो तितकी. भरून झाल्यावर पिनवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला तर पिन गळते. टोपी परत लावायला विसरू नका. आमच्या एका शेजाऱ्यांची टोपी मुलांनी खेळायला नेली आणि पिनमध्ये माती गेली.

आमच्या फुफीचा मुलगा ब्रिटनमध्ये राहतो. कोकणातली बरीच कुटुंबे तिकडे आहेत, त्यांच्या उपयोगाचे म्हणून लिहितो. तिथल्या पुष्कळ घरांत गरम पाण्याची मोठी टाकी थेट रस्त्याच्या नळाच्या दाबावर चालते, गच्चीवर टाकी नसते. म्हणून तिथे प्रसरण टाकी हा जोडणीचा भागच असतो. काही टाक्यांत वेगळा फुगा नसून आतच वर हवेचा बुडबुडा ठेवलेला असतो, तो पाण्यात विरत जातो आणि अधूनमधून नवा करावा लागतो. हे काम तिथे पात्र माणसाकडूनच करून घ्यायचे असते. आम्हाला आवडली ती एक छोटी वस्तू. व्हॉल्व्हमधून सुटणारे पाणी एका उघड्या नरसाळ्यातून खालच्या नळीत पडते. नरसाळे उघडे अशासाठी की पाणी टपकते आहे हे घरातल्यांना डोळ्यांनी दिसावे. आपल्याकडे टपकणे लपवायची धडपड असते.

शेवटी सोलर. आता आपल्या तालुक्याच्या गावांतही प्रत्येक चौथ्या गच्चीवर काचेच्या नळ्या चमकतात. साध्या, बिनदाबाच्या सोलर टाकीवर एक उभा पाईप असतो. वर उघडा, छत्रीच्या दांड्यासारखा वाकलेला. लोकांना तो निरुपयोगी वाटतो. वाढलेले पाणी, वाफ आणि हवा तिथून बाहेर पडते, आणि टाकीतले पाणी ओढले गेले की हवा तिथूनच आत येते. तो बंद केला तर टाकी फुगू शकते किंवा उलट आत चेपू शकते, प्लॅस्टिकची बाटली तोंडाने ओढल्यावर चेपते तशी. गांधीलमाशांना हा पाईप फार आवडतो, तेव्हा दिवाळीच्या सफाईत एकदा वर चढून पाहावे.

आणखी एक गोष्ट आम्ही चार-पाच घरांत पाहिली. सोलर बसवला तेव्हा पाण्याची टाकी लहान होती. नंतर मुलाच्या लग्नात मोठी आणली आणि उंच ओट्यावर ठेवली. टाकीतल्या पाण्याची पातळी त्या उभ्या पाइपाच्या तोंडावर गेली आणि पाइपातून पाणी वाहू लागले. झाले, तोंडाला लाकडी गुट्टी! तिथे दोन-तीन फूट पाईप जोडून तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर न्यायचे असते. तसेच घरात नंतर प्रेशर पंप बसवला असेल तर त्याची लाइन या सोलरच्या टाकीला देऊ नये, ती टाकी दाबासाठी केलेलीच नसते. पंप बसवणाऱ्याला हे आधी सांगा. तो गच्चीवर जाऊन पाहीलच असे नाही.